शिवनेरी जागतिक वारसा झाला, तरी पर्यटक संध्याकाळी जुन्नर का सोडतात?

पावसाळ्यातला कुठलाही रविवार घ्या. कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर, ओतूरच्या पश्चिमेला डिंगोरे हे गाव लागतं. सकाळी इथून माळशेज घाटाच्या दिशेने गाड्यांची रांग सुरू होते. दुपार कलली की तीच रांग उलटी फिरते. या येण्या-जाण्यात रस्त्याकडेच्या टपरीवर चहा, वडापाव, भाजलेलं कणीस, पाण्याच्या बाटल्या विकल्या जातात. बाकी गावाच्या वाट्याला येतो तो हॉर्नचा आवाज आणि दुसऱ्या दिवशी गोळा करायचा कचरा.

आता डिंगोऱ्याभोवती मनातल्या मनात एक वर्तुळ काढा. पूर्वेला ओतूर. तिथे श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडींसाठी गर्दी होणारं कपर्दिकेश्वराचं मंदिर आहे आणि तुकोबांचे गुरू मानल्या जाणाऱ्या बाबाजी चैतन्यांची समाधीही आहे. पश्चिमेला पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी, त्याच्या काठी खिरेश्वरचं नागेश्वर मंदिर, वर हरिश्चंद्रगड आणि पुढे माळशेज. दक्षिणेला गणेशखिंड ओलांडली की लेण्याद्री, जुन्नर शहर आणि शिवनेरी. आणखी पुढे नाणेघाट. दोन अष्टविनायक, सात किल्ले, दोनशेहून जास्त कोरीव लेणी आणि जगात नावाजलेली एक रेडिओ दुर्बीण, हे सगळं एका तालुक्यात आहे.

एवढं असूनही बहुतेकांचा जुन्नरचा बेत एका दिवसाचा असतो. सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री, संध्याकाळी ओझर आणि रात्री घर. पावसाळा असेल तर माळशेजला भिजायचं, रील काढायचं आणि निघायचं.

असं का होतं? आणि त्याने गावांना काय फरक पडतो?

दर्जा मिळाला, म्हणजे नेमकं काय मिळालं?

गेल्या काही वर्षांत जुन्नरला दोन मोठे शिक्के मिळाले. २०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. असा दर्जा मिळालेला हा राज्यातला पहिला तालुका. त्यानंतर ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये झालेल्या बैठकीत युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाखाली १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. शिवनेरी या बारांपैकी एक आहे. भारताचं हे ४४वं जागतिक वारसास्थळ.

बातमी आली तेव्हा सोशल मीडियावर स्टेटसचा पाऊस पडला, आणि तो पडायलाच हवा होता. पण युनेस्कोच्या यादीत नाव आलं की पैशांची थैली येते, असा एक समज आहे. तसं होत नाही. यादीत आलेल्या स्थळाची देखभाल त्या-त्या देशानेच करायची असते. उलट जबाबदारी वाढते. व्यवस्थापनाचा आराखडा पाळावा लागतो, आजूबाजूला काय बांधलं जातंय यावर लक्ष ठेवावं लागतं, वेळोवेळी अहवाल द्यावे लागतात.

पर्यटन तालुक्याचंही तसंच आहे. दर्जा ही सरकारी कागदावरची ओळख आहे. त्यामुळे आराखडे तयार करायला, निधी मागायला आणि महोत्सव भरवायला आधार मिळतो. शिवजयंतीच्या सुमारास पर्यटन विभागाने हिंदवी स्वराज्य महोत्सव सुरू केला, द्राक्ष महोत्सव झाले. त्या दिवसांत जुन्नर गजबजतं. पण तालुक्याचं पर्यटन महोत्सवाच्या चार दिवसांवर चालत नाही. ते चालतं एखाद्या साध्या मंगळवारी कोणी खोली मागायला येतं का, यावर.

म्हणूनच पर्यटकांची संख्या हा आकडा फसवा आहे. शंभर माणसं येऊन चहा पिऊन गेली आणि दहा माणसं दोन रात्री राहिली, तर गावाला दुसऱ्या प्रकारात जास्त मिळतं. राहणारा माणूस दोन वेळा जेवतो, नाष्टा करतो, वाटाड्या घेतो, जाताना तांदूळ किंवा द्राक्षं घेऊन जातो. भिजायला आलेल्या गर्दीचा मोठा खर्च पेट्रोल आणि टोलवर होतो, तोही दुसरीकडेच. जुन्नरबद्दल बोलताना ‘किती आले’ यापेक्षा ‘किती रात्री राहिले’ हे विचारायला हवं.

इटलीतल्या एका गावात लोक बारा दिवस का राहायचे?

ही रात्रींची गोष्ट समजून घ्यायला थोडं लांब, इटलीतल्या तोस्काना प्रांतात जाऊ. फ्लोरेन्सपासून जेमतेम ५० किलोमीटरवर मोंतेकातिनी तेर्मे नावाचं गाव आहे. ‘तेर्मे’ म्हणजे गरम पाण्याचे झरे आणि त्याभोवतीची स्नानगृहं. जुलै २०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या अशा ११ गावांना एकत्रितपणे जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात इटलीतलं हे एकच गाव आहे. म्हणजे शिवनेरीसारखीच त्याचीही एकट्याने नव्हे, तर एका मालिकेत निवड झाली.

मोंतेकातिनीची गंमत अशी की तिथलं पाणी अंगावर घेण्यापेक्षा पिण्यासाठी प्रसिद्ध आहे. खारट चवीचं, पोट साफ करणारं पाणी. सकाळी उपाशीपोटी पेला भरून घ्यायचा, संगमरवरी खांबांच्या ओसरीतून फेऱ्या मारायच्या आणि वाद्यवृंद ऐकायचा, हा तिथला उपचार. तो एका दिवसात होत नाही. इटलीच्या सरकारी आरोग्य सेवेत डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर वर्षातून एकदा अशा झऱ्यांवरच्या उपचाराचा खर्च मिळतो आणि त्याचं नेहमीचं चक्र १२ दिवसांचं असतं.

सकाळचे दोन तास पाणी पिण्यात गेले, आता उरलेल्या दिवसाचं काय करायचं? या एका प्रश्नातून अख्खं गाव उभं राहिलं. हॉटेलं आली, बागा, नाट्यगृह, कॅफे आले. डोंगरावरच्या जुन्या वस्तीत जायला १८९८ मध्ये दोरखंडाने ओढली जाणारी छोटी रेल्वे सुरू झाली, ती आजही धावते. संगीतकार व्हेर्दी कितीतरी उन्हाळे इथे येऊन राहिला. पाहुणे कंटाळले की शेजारच्या लुका, पिस्तोया या जुन्या शहरांत किंवा पिनोकियोच्या लेखकाने ज्याचं नाव घेतलं त्या कोलोदी गावात फिरून यायचे आणि रात्री मुक्कामाला परत मोंतेकातिनीत. झरा हे निमित्त होतं, कमाई मुक्कामाची होती.

हे स्वप्नवत वाटलं तरी पुढचा भागही सांगायला हवा. पाणी पिण्याच्या उपचाराची हौस ओसरली, झरे चालवणारी कंपनी कर्जात गेली, काही स्नानगृहांना टाळं लागलं. हॉटेलं उरली, ती फ्लोरेन्स बघायला आलेल्या बसगाड्यांना स्वस्तात खोल्या देऊ लागली. म्हणजे थांबण्याचं कारण संपलं की युनेस्कोचा शिक्काही फार काही करू शकत नाही.

महाराष्ट्रात गरम पाण्याचे झरे नाहीत असं नाही. घाटाखाली तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी आहेत. तिथून दक्षिणेकडे कोकणपट्टीत उन्हेरे, उन्हवरे, तुरळ, राजवाडी अशी मालिकाच आहे. पण आपल्याकडे कुंडात अंघोळ, देवीचं दर्शन आणि परत, असा शिरस्ता. घाटावर जुन्नरच्या बाजूला तर असे झरे नाहीतच. मग जुन्नरमध्ये थांबण्याचं कारण काय असू शकतं? त्याचं उत्तर जुन्नरच्या डोंगरांतच कोरलेलं आहे.

पावसाळाभर राहण्यासाठी कोरलेल्या खोल्या

जुन्नरची लेणी मुळात मुक्कामासाठी आहेत. बौद्ध भिक्षू वर्षभर फिरत आणि पावसाळ्यात एका जागी राहत. त्याला वर्षावास म्हणतात. लेण्यांतले विहार म्हणजे त्यांच्या राहण्याच्या खोल्या. झोपायला दगडी ओटा, बाहेर पाण्याचं टाकं, मधोमध मोकळी जागा आणि प्रार्थनेसाठी चैत्यगृह. शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा आणि मानमोडी या चार डोंगरांत मिळून अशी दोनशेहून जास्त खोदकामं आहेत. सातवाहनांच्या काळातली, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. लेण्यांची एवढी दाटी देशात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

या खोल्यांचा खर्च कोणी केला? जुन्नरच्या ब्राह्मी लेखांत देणगीदारांची नावं आहेत. त्यात राजेरजवाडे कमी आणि व्यापारी, कारागीर, गृहस्थ जास्त. धान्य व्यापाऱ्यांच्या संघाने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याचा लेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकाम करणाऱ्यांच्या संघांचे उल्लेख आहेत. आणि तीन लेखांत इरिल, चिट, चंद अशी ‘यवन’ मंडळीही दिसतात. एकाने पाण्याची टाकी दिली, दुसऱ्याने भोजनगृह, तिसऱ्याने लेण्याचा दर्शनी भाग. दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडून आलेल्या किंवा तसं नाव लावणाऱ्या माणसांनी जुन्नरात जेवणघर बांधून दिलं होतं, ही गोष्ट किती जणांना माहीत असते?

हे सगळं चालायचं व्यापारावर, आणि व्यापार यायचा नाणेघाटातून. कल्याण, सोपारा या बंदरांतला माल कोकणातून याच वाटेने वर चढायचा. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. तिच्या घराण्याने केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, वाटलेली कार्षापण नाणी यांची त्यात यादी आहे. ब्राह्मीतले आकडे इतक्या जुन्या काळात इतक्या संख्येने क्वचितच सापडतात, म्हणून गणिताच्या इतिहासातही या लेखाला मान आहे. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पायांचे अवशेष आणि वरची नावं तेवढी उरली आहेत. बाहेर घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जायची, असं परंपरेने सांगितलं जातं.

रील बघून नाणेघाटाला जाणाऱ्यांना तिथला उलटा धबधबा माहीत असतो. वारा पाणी वर फेकतो, ते दृश्य भारीच आहे. पण धबधब्यासमोर तासभर घालवणारे बरेच जण तिथून चालत जवळच असलेल्या लेण्यात डोकावतही नाहीत. दोष त्यांना तरी किती द्यायचा? आत काय लिहिलंय हे सोप्या मराठीत सांगणारं कोणी भेटलं, तर त्याच माणसाचा तास अर्ध्या दिवसाचा होईल.

मुक्कामाची ही परंपरा मध्ययुगातही दिसते. १४७०च्या आसपास, बहमनी काळात, अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि चालत जुन्नरला आला. घोडा विकायचा हा त्याचा बेत होता. पावसाळा लागला आणि त्याने जुन्नरात दोन महिने काढले. तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली, शेवटी एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने सुटका झाली. म्हणजे मुक्काम काही सुखाचा झाला नाही. पण या देशात परक्या माणसाला सराईत उतरता येतं आणि तिथल्या बायका स्वयंपाक करून वाढतात, हे त्याने आठवणीने लिहून ठेवलंय. आजच्या भाषेत होमस्टेच.

पुढे १४९०मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची सुरुवात केली तीही जुन्नरमधूनच. अहमदनगर नंतर वसलं. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, तेव्हा या गावाच्या मागे सोळाशे-सतराशे वर्षांचा इतिहास होता. आपण मात्र एका दुपारीत गड चढून उतरतो आणि जुन्नर पाहिलं असं म्हणतो.

चावंड, हडसर, जीवधन, निमगिरी, सिंदोळा, नारायणगड या बाकीच्या सहा किल्ल्यांबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण रस्त्याची नाही, गाडीची आहे. स्वतःची गाडी असेल तर जुन्नर सोपं आहे. एसटीने आलात तर जुन्नर, नारायणगाव, ओतूरपर्यंत ठीक, पण तिथून नाणेघाट, तुळजा लेणी किंवा खिरेश्वरला वेळेवर पोचून परत येणं म्हणजे कसरत. तालुक्यात रेल्वे नाही. पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे नारायणगाववरून जाईल, अशी आशा बरीच वर्षं होती. पण खोडदची रेडिओ दुर्बीण आड आली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण अवकाशातून येणारे अत्यंत क्षीण रेडिओ संदेश टिपते. विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या गोंगाटात ते हरवतील, असा शास्त्रज्ञांचा आक्षेप. शेवटी मार्ग बदलत असल्याचं रेल्वेमंत्र्यांनीच सांगितलं. तालुक्यात यावरून नाराजी आहे आणि ती समजण्यासारखी आहे. पण अशी दुर्बीण उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही, हेही तितकंच खरं.

दुसरी अडचण रात्रीची. आणि इथे विषय पर्यटनापेक्षा मोठा होतो.

कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगा या पाच धरणांनी जुन्नर–आंबेगावची शेती बदलली. पाणी आलं, ऊस आला. उसात बिबट्याला लपायला जागा मिळाली आणि भोवतीच्या वस्तीत कुत्री-शेळ्या. पिढ्यान् पिढ्या उसातच वाढलेले बिबटे आता या भागात आहेत. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे. २०२५च्या ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये जुन्नर वनविभागातल्याच, पण शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन लहान मुलांसह तिघांचा जीव गेला. लोकांनी महामार्ग अडवला. जिथे शेतकरी रात्री पिकाला पाणी द्यायला घाबरतो आणि दिवसा वीज द्या म्हणून मागणी करतो, तिथे पाहुण्याला ‘रात्री अंगणात चांदणं बघत बसा’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

याच तालुक्यात ओतूरजवळ आंबेगव्हाणला बिबट सफारी करण्याचा प्रस्ताव बरीच वर्षं चर्चेत आहे. सफारी झाली तर पर्यटक नक्की थांबतील. पण शेतातल्या बिबट्याचा प्रश्न कुंपणातल्या बिबट्याने सुटणार नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घोषणांमध्ये त्या सारख्या एकत्र केल्या जातात. पाहुणे ठेवणाऱ्या घराला आधी अंगणात दिवा, पक्कं कुंपण, बंदिस्त गोठा आणि संडास-बाथरूम घराला लागून हवं. हा खर्च सफारीच्या आराखड्यात दिसत नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. शिवनेरी आणि लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८च्या कायद्यातल्या २०१०च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. गडाच्या पायथ्याशी घर असलेल्या माणसाला वरचा मजला चढवून दोन खोल्या भाड्याने द्याव्यात असं वाटलं, तरी आधी कागदांच्या मागे फिरावं लागतं. हा नियम नसता तर पायथ्याला हॉटेलांची भिंत उभी राहिली असती, त्यामुळे तो हवाच. पण त्याचा एक चांगला अर्थही निघतो. मुक्कामाची सोय गडाच्या पायथ्याला नाही, तर थोडं लांब, डिंगोरे, ओतूर, मढ, आपटाळे अशा गावांमध्ये व्हायला हवी. तिथे जागा आहे, रस्ता आहे आणि जुनी घरंही आहेत.

मुक्कामाचे दोन नमुने आजही तालुक्यात दिसतात. एक ओझरचा. अष्टविनायक यात्रेच्या अनेक गाड्या रात्री ओझरच्या भक्तनिवासात थांबतात आणि सकाळी लेण्याद्री करून पुढे निघतात. तिथे देवस्थानाने सोय केली म्हणून लोक राहतात. दुसरा खिरेश्वरचा. टोलार खिंडीने हरिश्चंद्रगड चढणारे ट्रेकर गावातल्या घरांत उतरतात, पिठलं-भाकरी खातात आणि पहाटे निघतात. तिथे चढाईच अशी आहे की थांबावं लागतं. दोन्हीकडे मोठं हॉटेल नाही. थांबायचं कारण आहे आणि उतरायला स्वच्छ जागा आहे, एवढंच.

पैसा कोणाच्या हातात पडतो?

रविवारची गर्दी सांभाळण्याचा खर्च कोणीतरी करतंच. घाटात पोलीस लागतात, कचरा उचलावा लागतो, दरड कोसळली की रस्ता मोकळा करावा लागतो. २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणामागे एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेल्यावर पुणे जिल्ह्यात पावसाळी स्थळांवर बंदी आदेशांचा धडाका सुरू झाला. आता पावसाचा जोर वाढला की धबधबे, कडे, धरणांच्या काठावर जमावबंदी लागते. जिवापुढे दुसरं काही नाही, हे मान्य. पण ज्या गावाची कमाईच पावसाळ्यातल्या आठ-दहा रविवारांवर आहे, त्याची त्या वर्षीची कमाई एका आदेशात जाते. मुक्कामाचं, हिवाळ्याचं पर्यटन हवं ते यासाठीही.

जगात यावर दोन प्रकारचे उपाय दिसतात. इटलीतल्या बऱ्याच शहरांत पर्यटकाकडून दर रात्रीमागे थोडा कर घेतला जातो. व्हेनिसने तर एप्रिल २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी, मुक्काम न करता फक्त फिरायला येणाऱ्यांवर ५ युरोंचं शुल्क लावलं. राहणाऱ्याला त्यातून सूट. महाराष्ट्रातही माथेरान आणि महाबळेश्वरला येणाऱ्याकडून नगरपरिषद कर घेते, तो आपण निमूटपणे भरतो.

जुन्नरची बहुतेक ठिकाणं नगरपरिषदेत नाहीत, ग्रामपंचायतींत आहेत. पण राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामपंचायतींना जे कर लावता येतात, त्यात यात्रेकरूंवरचा करही आहे. वाहनतळाचं शुल्क घेता येतं ते वेगळं. अडचण अशी की घाटातली गर्दी पाच-सात गावांच्या हद्दीतून जाते. प्रत्येकाने आपापला अडथळा उभा केला तर पर्यटक वैतागेल आणि एकानेच केला तर बाकीची गावं वैतागतील. शिवाय पावती न देता रस्त्यावर पैसे मागणाऱ्या टोळक्यांचा अनुभव घेतलेल्या माणसाचा अशा शुल्कावर विश्वास उरत नाही. गावांनी मिळून एकच पावती, आणि त्या पैशांतून संडास, कचरागाडी, वाटाड्यांचं प्रशिक्षण असं दिसलं, तर लोक देतील. घाटाच्या तोंडाशी जकातीचा रांजण ठेवणाऱ्या तालुक्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही.

घरात दोन खोल्या काढू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारी दारंही आहेत. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, त्यात शेतकऱ्याला आपलं केंद्र पर्यटन संचालनालयाकडे नोंदवता येतं. २०२३ मध्ये आलेल्या ‘आई’ धोरणात महिलांना पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळण्याची तरतूद आहे. पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी गावांत हिरडा आणि भात एवढ्यावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबांना याचा उपयोग होऊ शकतो. पण कर्ज घ्यायचं तर आधी पाहुणे येतील याची थोडी तरी खात्री लागते, आणि ती खात्री पुन्हा रात्रींच्या आकड्यावर येऊन थांबते.

जाणार असाल तर

एक दिवसाऐवजी दोन रात्री काढून बघा. पहिल्या दिवशी जुन्नर शहर धरा. शिवनेरी सकाळी लवकर, उतरताना गडाच्या कड्यातली लेणीही बघा. दुपारी तुळजा लेणी. तिथलं गोल चैत्यगृह, बारा खांबांच्या वर्तुळात उभा असलेला स्तूप, असं भारतात फार थोड्या ठिकाणी आहे. दुसरा दिवस नाणेघाटासाठी पूर्ण ठेवा. जाताना पूरजवळ कुकडेश्वराचं कोरीव मंदिर लागतं, कुकडी नदी तिथेच उगम पावते. तिसऱ्या सकाळी लेण्याद्री. सुमारे तीनशे पायऱ्या आहेत, वरच्या स्मारकासाठी पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं आणि माकडांपासून पिशवी सांभाळावी लागते. गणपतीचं दर्शन घ्याल तेव्हा आपण एका विहारात उभे आहोत, हे लक्षात असू द्या. बाजूच्या चैत्यगृहातही जाऊन या.

नाणेघाटातल्या लेखावर पाणी, खडू, पीठ काहीही लावू नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक असं करतात आणि दगड झिजतो. फोटो दुपारी उशिरा, तिरप्या उजेडात घ्या, अक्षरं आपोआप दिसतात.

पाऊस टाळायचा असेल तर फेब्रुवारी उत्तम. द्राक्षांचा हंगाम असतो, १९ तारखेला शिवजयंती असते आणि २८ तारखेला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदची दुर्बीण सर्वांसाठी खुली केली जाते. त्यानंतर गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रेच्या सुपाऱ्या ठरवायला येतात. राहायची जागा शोधताना मालकाला दोनच गोष्टी विचारा: पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, आणि संडास-बाथरूम घराला लागून आहे का. बिबट्याच्या भागात अंधार पडल्यावर पायी फिरू नका, लहान मुलांना एकटं सोडू नका आणि गाडी शक्यतो घराच्या दारापर्यंत न्या.